हातांनी चाललेली वाट

मिस्त्रींनी उभी हयात लोकांचे जिने चुकवण्यात घालवली. लिफ्ट बसवणे, तिचे दोर तपासणे, दोन मजल्यांच्या मध्ये ती रुसून बसली की आत अडकलेल्यांना दाराच्या फटीतून धीर देत देत बाहेर काढणे, हा त्यांचा व्यवसाय. ज्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ते स्वतः राहत, तिची लिफ्टही त्यांच्याच हातची. फुप्फुसे हळूहळू कडक होत चालली आहेत, आणि हा आजार बरा होणाऱ्यांपैकी नसून सांभाळून राहण्यापैकी आहे, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा मिस्त्रींनी कारागिराच्या हक्काने वाद घातला होता. झिजलेला भाग बदलता येतो, गंजलेला घासता येतो, आवाज करू लागला तर तेल सोडता येते. मग या एकाच भागाने असे काय घोडे मारले? डॉक्टर वयस्कर आणि सोशिक होते. ते म्हणाले, "मिस्त्री, लिफ्ट दुरुस्त करताना तुम्ही ती बंद ठेवता. ही बंद ठेवता येत नाही." उत्तर मिस्त्रींना पटले, आजार मात्र पटला नाही.

तेव्हापासून खोलीच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचे यंत्र घरघरत असे आणि त्यातून निघालेली पारदर्शक नळी मिस्त्रींच्या नाकापाशी संपत असे. नळी पोचेल तेवढे मिस्त्रींचे जग. पलंग, खिडकी, मेज, न्हाणीघराची वाट एवढे त्यात बसत होते. स्वयंपाकघर मात्र अगदी थोडक्यात हुकत होते, त्यामुळे चहा जागेवर आणून द्यावा लागे. या आजारातून माणसाने तेवढा एक फायदा काढला बघा, असे त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. तळमजल्यावर तिचे शिवणकामाचे दुकान होते. ती स्वतःच्या हिमतीवर दुकान चालवी, तरी सगळे तिला मिस्त्रीणबाईच म्हणत, आणि तिनेही ते कधी मनाला लावून घेतले नव्हते.

मिस्त्रींना एक धाकटी बहीण होती. तीही आता पिकल्या केसांची झाली होती, पण भावाच्या तोंडी ती अजून 'धाकटी'च होती. एका लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी उभे राहून तिने सारे आयुष्य काढले होते. मागे कोणी नव्हते, पुढे कोणी नव्हते. होता तो हा भाऊ. डोंगरावरच्या देवस्थानाला दोघांनी मिळून एकदा पायी जाऊन यावे, अशी त्यांच्या आईची इच्छा होती. आई गेली, आणि इच्छा या दोघांकडे राहिली. आधी मिस्त्रींना कामातून सवड नव्हती. सवड झाली तेव्हा श्वास उरला नव्हता. आपल्याच चालढकलीने ही वाट राहिली, हे मिस्त्री मनात जाणून होते. म्हणून धाकटीने जेव्हा नवीच कल्पना काढली, तेव्हा एरवी प्रत्येक गोष्टीला फाटा फोडणाऱ्या या माणसाने तिला लगेच होकार दिला.

कल्पना अशी होती. धाकटी यात्रेकरूंच्या एका जथ्याबरोबर खरोखरीची वाट चालणार. फोन गळ्यात अडकवलेला, त्याचा डोळा समोरच्या रस्त्याकडे. म्हणजे मिस्त्रींना घरबसल्या पडद्यावर ती वाट दिसत राहील. तिच्या कानात तार. ती चालेल तेव्हा मिस्त्रींनीही आपल्या खोलीत, नळीच्या आवाक्यात, चालायचे. चालताना तिला पडदा दिसणार नव्हता. जेवणाला आणि मुक्कामालाच काय ती फोन हातात घेऊन भावाचे तोंड पाहू शकणार होती. म्हणून तिने बजावले होते, की दादाने कडक तळाच्या चपला घालाव्यात. "तुझ्या पावलांचा आवाज कानात राहिला की मला सोबत वाटेल," ती म्हणाली होती.

आणि लहानपणचा नियम पाळायचा, हेही ठरले. त्यांची शाळा घरापासून फार लांब होती. दोघे चालत जात, आणि वडिलांनी त्यांना एक नियम घालून दिला होता: दमेल त्याने 'थांब' म्हणायचे, की दुसऱ्याने तिथल्या तिथे थांबायचे, पण 'दमलास का' असे कोणी कोणाला विचारायचे नाही, कारण विचारल्यावर माणूस नाही म्हणतो. वडील शाळा शिकलेले नव्हते, पण त्यांच्या या नियमात खोट काढणे मिस्त्रींनाही कधी जमले नव्हते.

धाकटीला स्वतःलाही मधुमेह होता. तिच्या तळपायांची संवेदना जवळजवळ गेलेली होती. तिच्या डॉक्टरांनी कुरकुरत परवानगी दिली ती दोन अटींवर: थोड्या थोड्या वेळाने बसायचे, आणि रोज संध्याकाळी तळपाय आरशात बघायचे. पहिल्या अटीची तिला काळजीच वाटत नव्हती. ती हसून म्हणाली, "तू आहेस ना. तू दर दहा पावलांना थांब म्हणशील, म्हणजे माझीही विश्रांती आपोआप होईल. तुझा आजार एकदा तरी माझ्या उपयोगी पडू दे." मिस्त्रीही हसले होते. पुढे हे वाक्य त्यांना आठवत राहिले, पण तेव्हा ते हसले होते.

पहिल्या दिवशी मिस्त्री खरोखर चालले. सकाळी पडद्यावर रस्ता हलू लागला, पुढच्या माणसांच्या पाठी आणि पिशव्या डुलू लागल्या, आणि मिस्त्री पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत, नळी पायांत येऊ नये म्हणून हाताने तोलत, चपला वाजवीत फिरू लागले. त्यांनी अनेकदा 'थांब' म्हटले. प्रत्येक वेळी पडद्यावरचा रस्ता थांबला, एखादे झाड किंवा मैलाचा दगड स्थिर झाला, आणि धाकटी खाली बसल्याचा आवाज आला. असे संध्याकाळपर्यंत चालले. मुक्कामाला धाकटीने फोन तोंडासमोर धरला तेव्हा तिचा चेहरा उन्हाने तांबूस झाला होता आणि ती लहान मुलीसारखी दिसत होती. मिस्त्रींना वाटले, आपण मरायला हरकत नाही. हे त्यांनी बायकोला बोलून दाखवले. "आधी जेवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांना अंगात कसर होती आणि छातीवर कोणीतरी पाट ठेवून बसल्यासारखे वाटत होते. हे धाकटीला सांगितले असते तर ती त्याच पावली परत फिरली असती; तसे तिने निघतानाच बजावले होते. म्हणून मिस्त्री पलंगाच्या कडेवर बसले आणि बसल्या बसल्या जमिनीवर पावले आपटू लागले. हे चालणे नव्हे हे त्यांना कळत होते, पण पाय त्यांचेच होते, चपला त्यांच्याच होत्या, आणि जमीनही तीच होती. तेव्हा हे चालण्याच्या पुष्कळच जवळ आहे, असा निवाडा त्यांनी स्वतःच्या बाजूने दिला. दुपारपर्यंत पायांना सूज आली. मग त्यांनी चपला काढल्या, हातांत घातल्या, आणि पुढे वाकून जमिनीवर वाजवून पाहिल्या. वाकल्याने श्वास अडला. त्यांना पूर्वीच्या कामातली एक जाड फळी आठवली. ती त्यांनी मांडीवर घेतली. आवाज पोकळ आला. खाली घडी घालून सतरंजी ठेवली, आवाज भरला. कारागीर तो कारागीर. उशीला टेकून, मांडीवर फळी घेऊन, दोन्ही हातांत चपला घालून मिस्त्री चालू लागले, आणि त्यांची चाल कोणालाही खरी वाटावी अशी होती. एवढेच नव्हे, तर ते अधूनमधून धापही टाकू लागले. ज्याला जन्माची धाप लागलेली, त्या माणसाने धापेचे सोंग काढले. खरी धाप अशी सोयीने येत नाही. सोंगाची धाप बरोबर चढावर येत असे.

पायांपेक्षा हात उशिरा दमतात. मिस्त्रींची चाल दिवसेंदिवस सुधारत गेली, आणि धाकटी त्या चालीवर पाऊल टाकू लागली. 'थांब' हा शब्द त्यांच्या तोंडून येईनासा झाला. यामागे मिस्त्रींचा एक विचार होता, आणि तो विचार त्यांना फार सूक्ष्म वाटत असे. आजवर आपण तोंडाने एकही खोटा शब्द बोललेलो नाही. वाजल्या त्या चपला; त्या पायांत आहेत असे आपण कधी म्हटले नाही. आता दमलेलो नसताना 'थांब' म्हणणे म्हणजे मात्र उघड खोटे बोलणे, आणि तेही वडिलांच्या नियमाला बट्टा लावून. हातांनी दिवसभर लबाडी करणाऱ्या माणसाला जिभेच्या पावित्र्याची अशी चिंता लागली होती.

याहून खरे कारण दुसरे होते, आणि ते इतके सूक्ष्म नव्हते. जथ्यात मिस्त्रींचे नाव झाले होते. धाकटीने पहिल्याच मुक्कामी सगळ्यांना सांगितले, की माझा दादा नाकात नळी लावून माझ्याबरोबर चालतोय, आणि तेव्हापासून ते 'नळीवाले दादा' झाले. जेवणाच्या वेळी तिच्या खांद्यावरून अनोळखी चेहरे पडद्यात डोकावत, हात जोडत. त्यांच्यात एक निवृत्त बसड्रायव्हर होता. अंगाने आडवा, बोलण्यात मोकळा. आयुष्यभर लोकांना बसवून नेले, त्याची शिक्षा म्हणून देव आता चालवतोय, असे तो स्वतःबद्दल सांगे. एकदा तो धाकटीच्या फोनात तोंड घालून म्हणाला, "दादा, आमच्यात कुणी पाय दुखतात म्हणालं ना, की आम्ही तुमचं नाव घेतो. लगेच उठतो माणूस." मिस्त्री विनयाने हसले. आजारपण सुरू झाल्यापासून त्यांच्याकडे सगळे कीव करून बघत आले होते. कौतुकाने बघणारे डोळे त्यांना फार दिवसांनी दिसले, आणि त्या डोळ्यांची त्यांना चटक लागली.

सुरुवातीला ते रोज संध्याकाळी विचारीत, तळपाय बघितलेस का? "बघते रे," ती म्हणे. पुढे पुढे ते विचारायचे राहून गेले, कारण संध्याकाळी बोलायला इतर माणसे फार असत.

मिस्त्रीणबाई दुपारी जेवायलाच वर येत असे. एके दिवशी तिला कापडाची मोठी कात्री सापडेना, म्हणून ती सकाळीच वर आली. दार लोटलेले होते. तिने पाहिले, की नवरा उशीला टेकून डोळे मिटून बसला आहे, मांडीवर फळी आहे, आणि त्याच्या हातांत चपला आहेत. चपला एका लयीत वाजत होत्या. पडद्यावर रस्ता चालला होता. ती उंबऱ्यात उभी राहिली. थोड्या वेळाने मिस्त्रींनी डोळे उघडले, आणि हात मात्र थांबवता येईनात, कारण हात थांबले तर तिकडे धाकटी थांबली असती. नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिली आणि चपला वाजत राहिल्या. संसारात त्यांनी एकमेकांना नाना अवस्थांत पाहिले होते. आजारपणाने तर काही झाकलेले ठेवले नव्हते. पण मिस्त्रींना इतके उघडे कधी वाटले नव्हते.

तिने कात्री शोधली आणि ती खाली गेली. जेवताना तिने वाढता वाढता विचारले, "चपला हातांना बसल्या का नीट? सैल होत असतील तर टाके घालून देते."

मिस्त्रींनी आपली बाजू मांडली. ती चांगली तयार केलेली होती. धाकटी परत फिरली असती. आईची इच्छा दुसऱ्यांदा राहिली असती. यात्रा ही शेवटी मनाने करायची असते, आणि मनाने आपण तिच्याबरोबर आहोतच. शिवाय आपण तोंडाने एकही शब्द खोटा बोललेलो नाही. बायकोने सगळे ऐकून घेतले. दुकानात कपड्याचे माप चुकल्यावर वाद घालणाऱ्या गिऱ्हाइकांचेही ती असेच शेवटपर्यंत ऐकून घेत असे.

"ते देवाला सांगा," ती म्हणाली. "वन्संना आज संध्याकाळी खरं काय ते सांगा. त्यांच्या पायाला कळत नाही, एवढं तरी तुम्हाला कळतं ना?"

संध्याकाळी सांगायचे, असे मिस्त्रींनी ठरवले. शब्दही जुळवले. पण संध्याकाळी पडदा उघडला तो माणसांनी गच्च भरलेला. डोंगर आता समोर दिसू लागला होता, सगळे आनंदात होते, आणि एका म्हातारीला नळीवाल्या दादांना नुसते पाहायचे होते. तिने पडद्याला हात लावून तो कपाळाला लावला. धाकटी मागे उभी राहून अभिमानाने हसत होती. मिस्त्रींनी जुळवलेले शब्द गिळले आणि म्हणाले, "जपून चाला सगळे."

दुसऱ्या दिवशी मात्र चपला पायांत घालूनच चालायचे, असा निश्चय करून ते उठले. थोडे चाललेही. खिडकीपर्यंत जाऊन परत फिरताना छाती आवळली, डोळ्यांपुढे काजवे आले, आणि 'थांब' हा शब्द, या वेळी अगदी खरा, ओठांवर आला. नेमके त्याच वेळी तिकडून ड्रायव्हरचा आवाज ऐकू आला; तो कोणाला तरी सांगत होता, की दादांकडे बघा, इतके दिवस झाले, माणूस थांब म्हणत नाही. मिस्त्रींनी पलंगाची कड धरली. ते बसले. त्यांनी चपला काढल्या आणि फळी ओढून घेतली.

दुपार कलल्यावर पडद्यावरचा रस्ता वेगळा हलू लागला. पूर्वी तो दोन्ही बाजूंना सारखा झुलत असे. आता एका बाजूला बुडे आणि झटक्याने वर येई. आयुष्यभर यंत्रांचे हेलकावे वाचणाऱ्या माणसाला हे ओळखायला वेळ लागला नाही. त्यांनी आपली लय किंचित कमी केली, पण अगदी किंचितच. मग ड्रायव्हरचा आवाज आला, हळू, चिंतेने भरलेला: "ताई, तुम्ही लंगडताय." आणि त्यावर धाकटीची कुजबुज: "शू. दादाला ऐकू जाईल. तो असा चालतोय आणि मी काय बसायचं?"

दादाला ऐकू गेले. एक शब्द पुरेसा होता. तो शब्द खोटा की खरा याची चौकशी करायला तिथे कोणी बसलेले नव्हते. पण मिस्त्रींनी त्याही क्षणी वडिलांचा नियम काढला: दमेल तो म्हणेल, दुसऱ्याने विचारायचे नाही. तिने म्हणावे, आपण लगेच थांबू. नियम किती बिनचूक होता. फळीवर त्यांचे हात चालतच राहिले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी जथा डोंगराच्या पायथ्याशी पोचला. तिथे यात्रेकरूंसाठी डॉक्टरांचा तंबू होता. चढण सुरू करण्यापूर्वी सगळ्यांना त्यातून जावे लागे. मिस्त्री पडद्यासमोर वाट बघत बसले होते. बायको जेवणासाठी वर आली होती. गळ्यात मापाची फीत तशीच होती. बऱ्याच वेळाने फोन हलला आणि धाकटीचा चेहरा दिसला. ती खाटेवर बसली होती.

"दादा, पाय बघितला त्यांनी," ती म्हणाली. "टाचेला जखम झालीय. खोल गेलीय म्हणतात. मोज्यात सगळं चिकटलं होतं आणि मला कळलंच नाही बघ. आता एक पाऊल टाकायचं नाही म्हणाल्या डॉक्टरीणबाई. दवाखान्यात नेणार आहेत, गाडी येतेय."

मिस्त्रींनी काहीतरी विचारले. काय ते त्यांचे त्यांनाही नीट कळले नाही. पाय वाचेल ना, असे काहीतरी. ती म्हणाली, बघू म्हणतात. तिचा आवाज रडका नव्हता. तिने पुढचे सगळे ठरवून ठेवले होते.

"रडत नाही बसायचं. तू आहेस ना. फोन मी ड्रायव्हरकाकांकडे देते, ते घेऊन चढतील. तू आपल्या जिन्यानं चढ. वहिनी आहे ना तिथं? तिला तो ऑक्सिजनचा लहान सिलिंडर लावून द्यायला सांग. सावकाश चढ, पाहिजे तितक्यांदा थांब. तू वर पोचलास की दोघंही पोचलो. आईला तेवढं पुरेल."

मागे ड्रायव्हर हात पुढे करून उभा होता, एखादी मौल्यवान वस्तू घ्यावी तसा. मिस्त्रींनी बायकोकडे पाहिले. तिने नजर वळवली नाही आणि मदतही केली नाही. फळी पलंगाखाली होती. जिन्यावर न जाता, याच खोलीत बसून, हात वापरून तो अख्खा डोंगर चढून जाणे अजूनही शक्य होते, आणि हा विचार आपल्या मनात आला याचीच त्यांना किळस आली.

"दादा, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," मिस्त्री म्हणाले. "धाकटे, मी चाललो नाही."

"आज? बरं वाटत नाहीये का?"

"पहिला दिवस सोडला तर कधीच नाही."

ती थोडी हसली. तिला चेष्टा वाटली असावी. "काहीतरीच. मी रोज तुझी पावलं ऐकतेय."

"ते माझे हात होते. चपला हातात घालून फळीवर वाजवत होतो. पलंगावर बसून."

ड्रायव्हरने पुढे केलेला हात मागे घेतला. तो खाकरला आणि पडद्याच्या चौकटीतून बाहेर गेला. त्याने काही बोलायला हवे होते, शिवी दिली असती तरी चालले असते, असे मिस्त्रींना वाटले. धाकटीने खाली पाहिले, जिथे तिचा पाय असणार तिथे, आणि बराच वेळ ती तिकडेच बघत राहिली.

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. "आता म्हणेल थांब, आता म्हणेल. मग मला वाटलं, हा नळी लावून चालतोय, मी कुठल्या तोंडानं म्हणू." मग तिने मान वर केली. "काल काका मला लंगडताय म्हणाले. ते ऐकलंस तू?"

इथेही एक वाट मोकळी होती. इतका गलका होता, वाराही होता. नाही ऐकले म्हटले असते तर तिने विश्वास ठेवला असता. तिने आजवर ठेवलाच होता.

"ऐकलं," मिस्त्री म्हणाले.

पडदा काळा झाला. त्यात त्यांचा स्वतःचा चेहरा, नळीसकट, दिसू लागला. त्यांनी फोन पालथा ठेवला.

बायकोने कपाटातून लहान सिलिंडर काढला, त्याची पिशवी खांद्याला अडकवता येईल अशी केली, आणि मोठ्या यंत्राची नळी काढून त्याची नळी लावली. मिस्त्री म्हणाले, आता कशाला. धाकटीने फोन ठेवला. आता कोणी बघणार नाही, कोणी ऐकणार नाही, मग चढून काय साधणार? वाद त्यांच्या तोंडून सवयीने निघाला, पण त्याच्यात जीव नव्हता.

"कुणी बघत असताना बरंच चाललात," ती म्हणाली. "उठा. चपला घाला. पायात."

ती दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढे मिस्त्री एकटे गेले. जिन्याच्या शेजारी लिफ्टचे दार होते, त्यांनी स्वतः बसवलेले. ते उघडले आणि वरच्या मजल्यावरची शेजारीण पिशव्या घेऊन आत उभी असलेली दिसली. तिने त्यांना खांद्यावर सिलिंडर घेऊन जिन्याकडे वळताना पाहिले आणि काळजीने विचारले, "मिस्त्री, लिफ्ट बंद पडणार आहे का?"

"लिफ्ट चालू आहे, ताई," मिस्त्री म्हणाले. "बंद मीच आहे." ती हसली. दार मिटले आणि लिफ्ट तिला घेऊन आवाज न करता वर गेली.

मिस्त्री चढू लागले. पहिल्या काही पायऱ्या रागाने चढल्या गेल्या, मग राग संपला आणि नुसत्या पायऱ्या राहिल्या. कठडा गार होता. खरी धाप आली ती सोंगातल्यासारखी मोकळी, सारखी येणारी नव्हती. ती अडकत, कण्हत, घशाला ओरबाडत आली आणि तिने त्यांना वाकवले. डोंगर राहू दे, जिन्याचे पहिले वळणही अजून वरच होते. ते पायरीवर बसले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि बहिणीला लावला.

खूप वेळ तो वाजत राहिला. मग उचलला गेला. पडद्यावर काही दिसले नाही. गाडीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"थांब," मिस्त्री म्हणाले.

तिकडे घरघर चालू होती. ती श्वास ऐकत असावी. गेले कित्येक दिवस ती जो ऐकत आली होती तो आणि हा, यांतला फरक तिला कळत असेल, आणि तो कळताना पुन्हा सगळे पहिल्यापासून आठवत असेल, असे त्यांना वाटले. फोन बंद करावासा वाटला. तो त्यांनी कानाशी तसाच धरून ठेवला.

"कुठवर चढलास?" तिने शेवटी विचारले. आवाजात राग होता, आणि तो लपवायचा तिने प्रयत्न केला नाही.

"पहिल्या वळणापर्यंतसुद्धा नाही."



"मग बस तिथंच," ती म्हणाली. "मी बसलेलीच आहे."

फोन मात्र तिने ठेवला नाही. मिस्त्रींच्या पाठीमागे लिफ्ट खाली आली, कोणाला तरी घेऊन पुन्हा वर गेली. शेजारच्यांच्या घरात भांडी वाजली. खाली दारात बायको अजून उभी होती. तिची सावली पायऱ्यांवर पडली होती. मिस्त्रींनी मान खाली घातली. खाली, पायांत, त्याच चपला होत्या. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले आणि फोन कानाशी धरून श्वासाची वाट बघत बसून राहिले.